बालबाराचा दशांश

बालबारानं कधी कुणाला मोठी बातमी आधी सांगितली असेल, तर दाखवा मला. मी माझी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी तिच्या गायीला घालीन.

खाबरीलचा गोठा जळाला त्या दिवसाचंच घ्या. खाबरील म्हणजे आमच्या तीतेख गावाचा अध्यक्ष. हा गृहस्थ घरात बसून घोड्याच्या मटणाचा रस्सा भुरकत होता. बालबारा आत आली, टोपी काढली, पापण्यांवरचा बर्फ चिमटीनं काढून टाकला आणि म्हणाली, "तुझी किटली वाचली."

"कुठली किटली?"

"गोठ्यातली. जरा काळी झालीये, पण गळत नाही."

"किटलीला काय धाड भरली होती?"

"दावीपण वाचली. एक सोडून."

आता खाबरीलच्या हातातला चमचा थांबला. "ताई, गोठ्यात काय झालंय?"

"गायी तिन्ही माझ्या अंगणात आहेत. आचळांना बांधायच्या लोकरीच्या पिशव्या मात्र गेल्या. बिचाऱ्या कुडकुडतायत, आधी त्याचं बघ." मग तिनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि दारातून वळून म्हणाली, "गोठा जळाला."

लग्नाचंही तसंच. स्योदर ट्रक चालवायचा. नदीतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या घरोघर पोचवायचा, प्यायच्या पाण्यासाठी. तीन हिवाळे हा बाबा बालबारा काम करायची त्या हवामान केंद्रावर सगळ्यांच्या दुप्पट लाद्या टाकत होता. एकट्या बाईला किती पाणी लागतं? केंद्राभोवती बर्फाचा कोट उभा राहिला, तरी याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी बालबाराच म्हणाली, "तुझ्या डाव्या हातमोज्याचा अंगठा उसवलाय. काढ." तिथंच बसून तिनं तो शिवला, परत दिला आणि म्हणाली, "बाकीचं सामान कधी आणतोस?" स्योदर दोन दिवस विचार करत होता, कसलं सामान? तिसऱ्या दिवशी त्याच्या आईनं डोक्यात टपली मारली तेव्हा कळलं की आपलं लग्न ठरलंय.

या खोडीचं मूळ तिच्या धंद्यात आहे. एकोणिसाव्या वर्षी तिला सरकारनं लेना नदीकाठच्या शहरात पाठवलं, आठ महिने थर्मामीटर वाचायला शिकवलं आणि दोन लाकडी खोकी देऊन परत आणून सोडलं. तेव्हापासून दर तीन तासांनी थर्मामीटर ठेवलेल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपाशी जायचं, शिडीच्या चार पायऱ्या चढायच्या आणि वाचायचं. आमच्या थंडीत पाऱ्याचा दगड होतो, म्हणून नळीत दारू असते. (गावात एकदा दारूचा ट्रक दोन महिने आला नाही, तेव्हा स्योदरच्या एका दोस्तानं चौकशी केली होती की एक पेला भरायला किती थर्मामीटर लागतील. बालबारानं त्याला हिशेब करून सांगितलं आणि मग हाकलून दिलं.) माणूस जवळ गेला की त्याच्या उबेनं ती दारू हलते. आधी हलतो दशांश. अंश जड असतो, तो जागेवर थांबतो. म्हणून शिकवण अशी: श्वास रोखायचा, दार उघडायचं, आधी दशांश बघायचा आणि लिहायचा, मग अंश बघायचा आणि लिहायचा, दार लावायचं, मग श्वास सोडायचा. चौतीस वर्षं दिवसातून आठ वेळा हेच केल्यावर बाई बोलायलाही तशीच लागली, तर नवल काय? पळणारी गोष्ट आधी धरायची, मोठी कुठं जात नाही.

आणि हे लक्षात ठेवा, आमच्याकडं 'उणे' म्हणायची पद्धत नाही. हिवाळ्यात 'पन्नास' म्हटलं की कुठल्या बाजूचे पन्नास ते शेंबड्या पोरालाही कळतं.

आता भांडणाकडं येतो. जगातल्या माणसं राहतात अशा गावांत सगळ्यात थंड गाव कुठलं, यावरून वेर्खोयान्स्क आणि ओयमयाकोन यांची जुनी मारामारी आहे. पहिला नंबर कुणाचा आणि दुसरा कुणाचा, हे त्यांचं ते बघून घेतील. आमची मारामारी तिसऱ्या नंबरासाठी होती. आम्ही तीतेखवाले आणि नदीच्या वरच्या अंगाला साठ किलोमीटरवरचे सिलगीलाखवाले. त्यांच्याकडं अठरा वर्षांपूर्वीचे सदुसष्ट पॉइंट एक होते. नुसते नव्हते, सिमेंटचा खांब उभारून त्यावर लाल रंगात लिहिलेले होते. लग्नातली माणसं त्या खांबाला टेकून फोटो काढायची. आमचा सगळ्यात मोठा आकडा सहासष्ट पॉइंट सात. म्हणजे फरक किती? चार दशांश. पण त्या चार दशांशांवर सिलगीलाखवाल्यांनी आम्हाला किती छळलं! आमचा माणूस त्यांच्याकडं गेला की, "या या, दक्षिणेकडचे पाहुणे! कोट काढा, उकडत असेल." त्यांच्याकडची पोरगी आमच्याकडं सून म्हणून आली, तर तिची आई निरोप द्यायची, "पंखा घेऊन जा गं."

त्यांचा आकडा वाचला होता बोरोकोपीनं. हा बोरोकोपी म्हणजे बालबाराच्या त्या आठ महिन्यांच्या वर्गातला. लग्नाआधी तो तिला पत्रं लिहायचा. तिचं म्हणणं, पत्रांत फक्त हवामान असायचं. मी तेव्हाही शाळा नि सभागृह गरम ठेवणारा गावचा बॉयलर सांभाळायचो. लोक रद्दी जाळायला माझ्याकडं देत. त्यात एक पत्र चुकून माझ्या डोळ्यांखालून गेलं. हवामान होतं खरं. पण ते कुणाच्या तरी डोळ्यांतलं होतं.

सोव्हिएत संपलं, त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात वरून पत्र आलं: लहान हवामान केंद्रं बंद करायचा विचार आहे, तुमचं नाव यादीत आहे. बालबाराची केंद्रावरची मदतनीस हे ऐकूनच शहरात पळाली. बालबारा एकटी उरली. पण प्रश्न तिच्या नोकरीपुरता नव्हता. गावातला चालू रेडिओ एकच, तो केंद्रावर. गेल्या वर्षी दोन बायकांची बाळंतपणं अडली होती, तेव्हा त्याच रेडिओवरून हेलिकॉप्टर बोलावलं होतं. केंद्र गेलं की रेडिओ गेला.

खाबरीलनं डोकं लढवलं. म्हणाला, "विक्रम असलेलं केंद्र कोण बंद करेल? आपल्याला फक्त सदुसष्ट पॉइंट दोन पाहिजेत. एवढंच."

"मग पाड की थंडी," मी म्हणालो. "अध्यक्ष आहेस ना?"

आणि पाडली की हो त्यानं! आमच्याकडं हिवाळ्याला बैल मानतात; जानेवारीच्या मध्यावर त्या बैलानं असा श्वास सोडला की अकरा दिवस साठच्या आत आकडा आला नाही. भिंतीतले खिळे बंदुकीसारखे फुटायचे. कुऱ्हाड लाकडावर मारली की पात्याचा तुकडा उडायचा. स्योदरनं ट्रकचं इंजिन अकरा दिवस बंद केलं नाही. बायकोपेक्षा जास्त वेळा उठून त्याच्याकडं बघायचा. सगळ्यांच्या चुलींचा आणि तोंडांचा वाफारा गल्लीत तसाच साचून राहिला. दोन माणसं एकमेकांवर आपटली की आधी "कोण?" विचारायचं आणि मग माणूस बघून शिवी द्यायची. बालबाराच्या आकड्यावरून शाळा बंद. पोरं खूश, आया वेड्या व्हायच्या बाकी.

आणि गाव आनंदात! चौसष्ट झाले, टाळ्या. पासष्ट, अजून टाळ्या. दहाव्या दिवशी सहासष्ट पॉइंट दोन. त्या संध्याकाळी बॉयलरपाशी बसून म्हाताऱ्या अशा बोलत होत्या, जणू सून अडलीये आणि आता कुठल्याही क्षणी रडणं ऐकू येईल.

अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या वाचनाला खाबरील चौदा माणसं घेऊन केंद्रावर हजर. एकाच्या गळ्यात कॅमेरा, एकाच्या कोटात बाटली. मीही होतो, खोटं कशाला बोलू. उजेड फुटायच्या बेतात होता.

बालबारा बाहेर आली, आमच्याकडं पाहिलं. "खाबरील, तुझ्या बुटाची नाडी सुटलीये."

"ताई, आज लक्ष आकड्याकडं!"

"आणि चाळीस पावलं मागं व्हा. सगळे."

मागं झालो की आम्ही. पण कुठल्या बाजूला? पेटी खळग्यात आहे, आम्ही चढावर गेलो, तिथून फोटो छान येतो म्हणून. तेवढ्यात म्हातारा मिखाल्का म्हणाला, "दिसत नाही." मग दहा पावलं पुढं. मग कॅमेरावाला म्हणाला, "अजून थोडं." वारा अजिबात नव्हता. आणि पंधरा उत्सुक माणसं किती श्वास सोडतात याचा अंदाज आहे? आमच्या तोंडातून निघालेला पांढरा ढग खाली बसला आणि उतारावरून, मांजर सरपटावं तसा, हळूहळू पेटीकडं निघाला. आमच्यातल्या एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं. आम्ही तिच्याकडं बघत होतो.

पेटीतली उभी नळी त्या क्षणाची थंडी दाखवते, पण त्या वेळी महत्त्वाची होती आडवी नळी. तिच्यातल्या दारूत टाचणीएवढी निळी काडी असते. थंडी वाढली की दारू आकसते आणि काडीला मागं ओढते. थंडी उतरली की दारू एकटी पुढं जाते, काडी तिथंच पडून राहते. म्हणजे रात्रभरात थंडी कुठवर पोचली, त्याची खूण ती काडी. त्या नळीला बोट लावायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम.

बालबारा चढली. श्वास रोखला. दार उघडलं. उभी नळी वाचून झाली. मग आडवीचा दशांश पाहिला आणि वहीत लिहिला: पॉइंट चार. डावीकडं अंशाची जागा मोकळी. मान वर केली, तर काच पांढरी. आमचा ढग पोचला होता. काचेवर बर्फाचा पातळ थर, काडी दिसेना, अंश दिसेना.

ती थांबली. काच तशीच. अजून थांबली. तिचा श्वास संपत आला होता, आणि पेटीजवळ तो सोडला की उरलंसुरलंही झाकणार. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बालबारानं हातमोज्याच्या अंगठ्यानं काच पुसली.

काच स्वच्छ झाली. काडी घसरून भलतीकडंच जाऊन पडली होती.

ती शिडीवर तशीच उभी राहिली. आम्हाला वाटलं, आकडा इतका मोठा आहे की बाई गारठली. खाबरीलनं बाटलीवाल्याला खूण केली. बुचाचा आवाजसुद्धा आला.

बालबारा खाली उतरली, आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "पॉइंट चार."

"पॉइंट चार! पॉइंट चार!" लोक नाचायला लागले. सदुसष्ट पॉइंट चार म्हणजे सिलगीलाखला तीन दशांशांनी धूळ. मी तिला ओळखत होतो. मी नाचलो नाही. मोठं अजून यायचं होतं.

"आणि अंश?" खाबरील हसत हसत म्हणाला.

"अंश पाहिला नाही."

आता केंद्राच्या खोलीत काय झालं ते ऐका. रेडिओची वेळ ठरलेली, वाचनानंतर बारा मिनिटांनी. त्या बारा मिनिटांत त्या खोलीत जेवढी माणसं बोलली, तेवढी एरवी ग्रामसभेत बोलत नाहीत.

"नऊच्या वेळी उभी नळी किती दाखवत होती?" शाळेचे हेडमास्तर म्हणाले.

"पासष्ट पॉइंट नऊ."

"म्हणजे रात्री एक तर सहासष्ट पॉइंट चार, नाही तर सदुसष्ट पॉइंट चार. दोन्ही होऊ शकतात."

"होऊ शकतात."

"मग सदुसष्टच!" खाबरील म्हणाला. "ताई, काल सहासष्ट पॉइंट दोन होते. आज कालच्यापेक्षा जास्त गारठा होता, हे मिखाल्काच्या गुडघ्यानंही सांगितलं. विचार त्याला!"

"दोन्ही गुडघ्यांनी," मिखाल्का म्हणाला.

"तुझ्या गुडघ्यावर अंशांच्या खुणा आहेत का?"

"बालबारा," स्योदर हळूच म्हणाला, "अगं, डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी दिसला असेल. जरासा. आठव ना."

तिनं वहीतल्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मला वाटतं, ती खरंच आठवत होती. तिलाही हवाच होता की तो आकडा! तो रेडिओ, ती पेटी, तेवढंच तर होतं तिचं सगळं आयुष्य. मला नंतर एकदा म्हणाली, "दादा, मला वाटत होतं की सदुसष्टच असणार. नव्वद टक्के." पण त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "दशांश मी पाहिला. अंश मी पाहिला नाही."

"ताई, बाळंतीण अडली तर तिला काय दशांश पाजणार आहेस?" खाबरीलचा आवाज चढला. "एक आकडा! सहाच्या पुढं सात!"

तेवढ्यात रेडिओ खरखरला. शहरातली मुलगी एकेका केंद्राला हाक मारत होती. न वाचलेल्या आकड्याच्या जागी त्यांच्या खात्यात तिरपी रेघ सांगतात. बालबाराच्या वहीत चौतीस वर्षांत ती एकदाही नव्हती. तापात वाचलं होतं तिनं, मुलीला जन्म दिला त्या दिवशीसुद्धा स्योदरच्या खांद्याला धरून वाचलं होतं.

"तीतेख, किमान सांगा."

"किमान तिरपी रेघ."

"नीट ऐकू आलं नाही, तीतेख."

"तिरपी रेघ. वाचता आलं नाही."

"कारण?"

"काच पुसली."

"कुणी?"

"निरीक्षकानं."

खाबरीलनं टोपी जमिनीवर आपटली. पण ऐकलंत ना ती काय म्हणाली? निरीक्षक म्हणजे ती स्वतःच. 'अध्यक्ष पंधरा जणांची वरात घेऊन आले आणि काचेवर फुंकर घातली' असं नाही म्हणाली.

एवढ्यात रेडिओवर दुसरा आवाज आला, म्हातारा, खोल. त्या वेळी सगळी केंद्रं एकमेकांचं ऐकत असतात. "सिलगीलाख बोलतंय. बालबारा, दशांश किती होता?"

"चार."

मग बोरोकोपी म्हणाला, "त्या वर्षी माझाही दशांश अगदी नीट पाहिलेला होता." आणि त्यानं रेडिओ बंद केला.

"म्हणजे?" खाबरील म्हणाला. "म्हणजे काय? ताई, याचा अर्थ काय?"

"त्याचा दशांश नीट पाहिलेला होता," बालबारा म्हणाली आणि तिनं वही मिटली.

केंद्राचं पुढं काय झालं, ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव त्यातच राहील. ते आणखी नऊ वर्षं चाललं. यादी करणाऱ्या साहेबाचीच नोकरी आधी गेली आणि यादी त्याच्या टेबलाच्या खणात राहिली, असं म्हणतात. पण हे आम्हाला त्या दिवशी कुठं माहीत होतं? त्या दिवशी गावाला एवढंच कळलं की बालबारानं एका आकड्यासाठी रेडिओ घालवला.

दुपारपर्यंत खाबरीलनं अर्ज लिहिला: 'आम्ही खाली सही करणारे ग्रामस्थ शपथेवर सांगतो की रात्री सदुसष्ट पॉइंट चार थंडी होती.' बेचाळीस सह्या झाल्या. मिखाल्कानं दोन केल्या, एकेका गुडघ्याची. तळाशी निरीक्षकाच्या सहीची जागा. बालबारानं कागद नीट वाचला, 'शपथेवर' या शब्दातली चूक दुरुस्त केली आणि परत दिला. सही केली नाही. पण वाचताना सतराव्या नंबरावर तिला स्योदरची सही दिसली होती.

त्या दिवशी स्योदरला जेवायला काय मिळालं, हे मला त्यानंच सांगितलं: गोठलेला मासा. आम्ही तो आवडीनं खातो, पातळ काप काढून, मीठ-मिरी लावून. याला मिळाला अख्खा, डोक्यासकट, ताटात उभा. सुरी दिली नाही. तासाभरात स्योदर खाबरीलच्या घरी जाऊन स्वतःचं नाव खोडून आला.

लोकांनी बोलणं टाकलं. दुकानात बालबारा आली की बायका साबणाचा भाव विचारायला लागत, दुकानदाराला, पाठ करून. आमच्याकडं भांडणात ओरडायची रीत आहे. ओरडलं की मिटतं. गप्प बसणं हे फार वाईट.

संध्याकाळी ती बॉयलरवर आली. मी दूध घालून चहा दिला, बाजूला लोण्याचा गोळा ठेवला. तिनं हात लावला नाही. आगीकडं बघत म्हणाली, "दादा, माझी गाय घेशील का?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकत आलो, पण इतकी वाईट गोष्ट ऐकली नव्हती. कारण मला तिची सवय माहीत होती. आधी गाय. मग भांडी. मग चुलीचे पत्रे. आणि सगळ्यात शेवटी, दारातून वळून, ती सांगणार होती की ती मुलीकडं शहरात चालली, कायमची.

"विचार करतो," मी म्हणालो. "दूध किती देते?"

"बादलीला एक दशांश कमी," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिलाच हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी भट्टीत कोळसा टाकायला वळलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ टाकत राहिलो.

ती गेल्यावर मी काय केलं असेल? लोक मला चुगलखोर म्हणतात. बरं मग, केली चुगली. पण त्या दिवशी चांगल्या कामाला. घराघरांतून हिंडलो. साठ अंशांत, या वयात! दुकानाच्या मालकिणीला म्हणालो, "बालबारा चालली. आता पोरांना शाळा आहे का नाही, हे सकाळी तू बाहेर थुंकून ठरव." मिखाल्काला म्हणालो, "उद्यापासून तुझे गुडघे रेडिओवर." आणि खाबरीलच्या घरी जाऊन चहा घेतला, दुसरा घेतला, आणि मग विचारलं, "काच कुणी पुसली म्हणाली ती?"

"निरीक्षकानं."

"आणि काचेवर कोण फुंकत होतं?"

खाबरीलनं पेला खाली ठेवला.

"तुझं नाव रेडिओवर घेतलं असतं तर तिची चूक निम्मी झाली असती. बोरोकोपीनंही ऐकलं असतं. सिलगीलाखनं खांबावर तुझंच तोंड रंगवलं असतं, फुंकर मारताना."

"बास कर, काका," तो म्हणाला. "कळलं मला."

दुसऱ्या दिवशी नऊला बालबारा केंद्रातून बाहेर आली. मी आधीच येऊन उभा होतो, चाळीस नाही, शंभर पावलांवर, सभागृहाच्या भिंतीपाशी, आणि खळग्याच्या खालच्या अंगाला. ती पेटीच्या दिशेनं चालायला लागली आणि मधेच थांबली.

भिंतीपाशी मी एकटा नव्हतो. अख्खं गाव होतं. म्हाताऱ्या, पोरं, दुकानाची मालकीण, हेडमास्तर, आणि सगळ्यांत पुढं खाबरील. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. प्रत्येकानं दोन्ही हातमोजे तोंडावर दाबून धरले होते. कुणी बोलत नव्हतं, खोकत नव्हतं. मिखाल्काला ठसका लागला, तर त्याच्या बायकोनं त्याचं तोंड स्वतःच्या कोटात कोंबलं.

बालबारा आमच्याकडं बघत राहिली. मग शिडी चढली. श्वास रोखला. तिच्याबरोबर आम्हीही रोखला. दार उघडलं. तिनं दशांश लिहिला. अंश लिहिला. दार लावलं. ती खाली उतरली, आणि शंभर पावलं चालून आमच्यापर्यंत आली. तोवर अर्ध्या गावाचे चेहरे जांभळे पडले होते.

"सोडा," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि इतका पांढरा ढग उठला की कोण कुठं आहे ते दिसेना. त्या ढगातून खाबरीलचा आवाज आला, "ताई, किती?"

"पॉइंट दोन."

"आणि अंश?" तो विचारत होता, पण आवाज अगदी गरीब होता.

"एकसष्ट."

थंडी उतरली होती. बैलानं पाठ फिरवली होती. विक्रम या वर्षीपुरता तरी संपला. ढग हळूहळू खाली बसला, आणि त्यातून खाबरील दिसायला लागला, भुवयांवर पांढरं साचलेलं. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "चला, उन्हाळा लागला. ताई, पोरांची शाळा भरवायची का?"

"मोठ्यांचीसुद्धा नाही. घरी जा."

पोरं ओरडत पळाली. बायका बालबाराभोवती जमल्या आणि सगळ्या एकाच वेळी, मोठ्यानं, तिच्यावर ओरडायला लागल्या: कालच का नाही सांगितलं, एवढं मनाला लावून घ्यायचं असतं का, गेली असतीस तर आमचं काय. ती त्यांच्यावर ओरडली. मिटलं.

मी गर्दी पातळ व्हायची वाट बघितली. मग जवळ जाऊन विचारलं, "मग, गाय कधी न्यायला येऊ?"

"गाय मी देत नाही, दादा," बालबारा म्हणाली. "तिला शांततेत दूध द्यायची सवय आहे. तुझ्या घरी आठ दिवसांत आटेल."